वकीलपत्र : निजामी अदालतीपासून मोटारीच्या खटल्यांपर्यंत

तुळजापूर हे नाव उभ्या देशाला ठाऊक आहे ते भवानीमातेच्या देवस्थानामुळे. नवरात्रात आणि पुढे अश्विन पौर्णिमेला सोलापूरच्या बाजूने माणसांचा असा लोंढा पायी चालत येतो की, मोटारींना दुसऱ्या वाटेने वळवावे लागते. एरवी मात्र हाच रस्ता ट्रक, टेम्पो, जीप आणि एस. टी. गाड्यांचा असतो. या गाड्यांच्या चाकामागे आपल्या समाजातील किती मुले बसलेली असतात, हे येथे सांगण्याची गरज नाही. गॅरेज, टायर, वेल्डिंग, भाड्याची जीप, मालाचा टेम्पो यांवर आपली कित्येक घरे चालतात. आणि ज्या धंद्यात रस्ता येतो, त्या धंद्यात केव्हा ना केव्हा पोलीस ठाणे आणि कोर्टाची पायरी येतेच.

आपल्या पालकांना मुलगा डॉक्टर व्हावा, इंजिनिअर व्हावा, निदान शिक्षक तरी व्हावा असे वाटते. मुलाने किंवा मुलीने वकील व्हावे असे म्हणणारे पालक मात्र क्वचित भेटतात. वकिली म्हणजे खोट्याचे खरे करणे असा एक समज आपल्यात रुजून बसला आहे. फौजदारी वकिलाविषयी तर 'तो गुन्हेगारांना सोडवतो' असे सर्रास बोलले जाते. या समजाला आपल्याच भागाचा इतिहास काय उत्तर देतो, हे पाहण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

तुळजापूर ते सोलापूर हे अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. परंतु १९४८ पर्यंत या पंचेचाळीस किलोमीटरांत दोन सरकारे होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाच्या मुलुखात. जिल्ह्याचे ठाणे पूर्वी नळदुर्गला होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते धाराशिवला आले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने त्या गावास उस्मानाबाद म्हणू लागले. २०२३ साली सरकारदरबारी पुन्हा धाराशिव हे नाव झाले. हद्दीवर करोडगिरीचे नाके असत. नाक्याच्या अलीकडे एक कायदा, एक नाणे आणि एक कोर्टभाषा. पलीकडे सारेच वेगळे. बैलगाडीवाल्याने हद्द ओलांडली की तो दुसऱ्या दंडसंहितेखाली जाई.

निजामी राज्याचा पहिला सालारजंग १८५३ साली दिवाण झाला. तेव्हापासून तेथील न्यायव्यवस्थेला शिस्त येऊ लागली. सुरुवातीस कोर्टाचा कारभार फारसीत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली. फिर्याद, जबानी, निकाल, नक्कल सारे उर्दूत. रयत मराठी बोलणारी, अदालत उर्दू लिहिणारी, आणि मध्ये वकील व अर्जनवीस. या मधल्या माणसाचे महत्त्व किती असेल याची कल्पना करावी. शेतकऱ्याने मराठीत सांगितलेले दुःख उर्दूत उतरवताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस साक्षीदाराचा आरोपी व्हायचा. आजही आमच्या कोर्टात मराठीतून कामकाज चालते तेव्हा वकील, फिर्याद, जामीन, मुद्देमाल, तारीख, नक्कल, सुपुर्दनामा हेच शब्द कानावर पडतात. राज्य गेले, भाषा गेली, शब्द मात्र मराठीच्या घरी जावयासारखे मुक्कामाला राहिले.

या राज्याचे एक श्रेय त्याला दिले पाहिजे. महसुली अधिकाऱ्याने गुन्हेगार पकडायचा आणि त्यानेच न्याय द्यायचा, ही पद्धत इंग्रजी मुलुखात सर्वत्र होती. ती मोडावी म्हणून काँग्रेस आपल्या अगदी पहिल्या अधिवेशनांपासून ठराव करीत होती. हैदराबादेत न्यायखाते आणि अंमलबजावणीचे खाते वेगळे करण्याचे फर्मान १९२१ साली निघाले. त्या वेळी राज्याच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष सर अली इमाम होते. ते स्वतः पाटण्याचे नामांकित बॅरिस्टर. मुंबई राज्यात असा कायदा व्हायला १९५१ साल उजाडले, आणि साऱ्या देशात ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून झाली. अर्थात कागदावर न्यायखाते वेगळे झाले म्हणून रयतेला बोलण्याचे, सभा भरविण्याचे स्वातंत्र्य मिळाले असे नाही. तेथे फर्मान हाच कायदा होता. चांगली अदालत आणि नसलेले नागरिक हक्क, अशा दोन गोष्टी एका राज्यात एकत्र नांदू शकतात.

वकिलांच्या सनदा दर्जावार असत. परीक्षा देऊन खालच्या दर्जाची सनद घ्यायची, अनुभव आणि परीक्षा यांच्या जोरावर वरच्या दर्जात जायचे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि त्याच्या भाषांतर विभागाने कायद्याची पुस्तकेही उर्दूत आणली. देशी भाषेतून कायद्याचे उच्च शिक्षण ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मराठवाड्यातील हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांतील जुने वकील याच तालमीत तयार झाले. त्यांचा कायदा उर्दूत पाठ होता.

मग १९४८ साल आले. रझाकारांच्या संघटनेचा पुढारी कासीम रझवी हा याच जिल्ह्यातील, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या लातूरचा वकील. एका वकिलाने कायदा सोडून जमावाची वाट धरली, की त्याचे फळ किती निरपराधांना भोगावे लागते याचे याहून दुःखद उदाहरण आमच्या भागाला दुसरे ठाऊक नाही. प्रथम रझाकारांच्या अत्याचारात हिंदू रयत भरडली गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे शिरल्या. चार-पाच दिवसांत राज्य संपले. त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. सर्वांत जास्त हानी झालेले म्हणून समितीने जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. या आठवणी उगाळण्याचे हे स्थळ नव्हे. येथे प्रश्न एवढाच आहे : त्या काळात जे हजारो लोक अटकेत गेले, त्यांचे खटले कसे चालले आणि त्यांच्या बाजूने कोण उभे राहिले?

त्या वेळी खास न्यायाधिकरणे नेमली गेली. साधी कोर्टे बाजूला ठेवून झटपट निकाल लावणारी ही व्यवस्था होती. तिच्यापुढे केवळ रझाकारच नव्हते, तर तेलंगणातील कम्युनिस्ट शेतकरीही होते. जनार्दन रेड्डी आणि इतरांना फाशीच्या शिक्षा झाल्या आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आरोपींना धड वकील मिळाला नाही अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या बाजूने विलायतेहून डी. एन. प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले होते. १९५१ साली न्यायालयाने सांगितले की, फाशीच्या खटल्यात आरोपीला वकील नव्हता एवढ्याच कारणाने प्रत्येक वेळी सारा खटला रद्द ठरतो असा नियम करता येणार नाही. अर्ज फेटाळले गेले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. ज्याचा जीव जाणार त्याला वकील असलाच पाहिजे, हे सांगायला देशाला आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली.

रझवीच्या खटल्याचे अपीलही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५३ साली त्याचा निर्णय लागला. त्याला वकील मिळाले, त्याची बाजू ऐकली गेली आणि शिक्षा कायम राहिली. तो १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. ज्याच्याविषयी सहानुभूती वाटत नाही अशा आरोपीलाही अपीलाचा दरवाजा उघडा होता, ही नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूची गोष्ट होय.

परंतु विद्यार्थ्यांनी वाचावा असा त्या काळातील खटला म्हणजे हबीब मोहंमद यांचा. हे वरंगलकडील वरिष्ठ महसुली अधिकारी. डिसेंबर १९४७ मधील एका गावावरील छाप्यात गोळीबाराने माणसे मेली, त्यावरून त्यांच्यावर खुनाचा आरोप आला. खालच्या न्यायालयात फाशी झाली. हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तींत मतभेद झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. बचावाच्या वकिलांनी एकच प्रश्न लावून धरला : त्या जागी एक वरिष्ठ पोलीस अधिकारी स्वतः हजर होता, त्याला सरकारपक्षाने साक्षीला का आणले नाही? ऑक्टोबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, घटनेचा महत्त्वाचा साक्षीदार सरकारपक्षाच्या सोयीचा असो वा नसो, त्याला कोर्टापुढे आणणे हे सरकारपक्षाचे कर्तव्य आहे. तो लपवून ठेवला तर आरोपीच्या बचावाला बाध येतो. हबीब मोहंमद निर्दोष सुटले. पोलीस कारवाईनंतर अवघ्या पाच वर्षांत, त्या वातावरणात, हा निकाल लागला. आजही देशातील कोणत्याही सत्र न्यायालयात 'महत्त्वाचा साक्षीदार तपासला नाही' असा युक्तिवाद होतो, तेव्हा हबीब मोहंमद यांच्या नावाने तो निकाल पुढे केला जातो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. वकिलांपुढे मोठेच संकट उभे राहिले. हैदराबादचे उच्च न्यायालय सुटले, मुंबईचे आले. उर्दू गेली, मराठी आणि इंग्रजी आली. चाळिशी-पन्नाशीतील मंडळींनी नव्याने धडे गिरवले. उच्च न्यायालयात अपील म्हणजे रात्रभराचा प्रवास, मुंबईत उतरायची पंचाईत आणि तेथील वकिलाची फी. गरीब पक्षकाराचे अपील बहुधा घरीच मरत असे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले. ते वैध की अवैध यावर वाद झाला, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ते उचलून धरले आणि १९८४ पासून ते कायमचे झाले. जुनी उर्दू दप्तरे मात्र कपाटात धूळ खात पडली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन कागद वाचण्याची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या भाषेला आमचीच मुले 'तिचा काय उपयोग' म्हणून नाक मुरडतात, तिच्यात मराठवाड्याची निम्मी मिळकत लिहिलेली आहे.

आता मोटारींकडे येऊ. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. सरकारने चालविलेली अशी सेवा हिंदुस्थानात ही पहिलीच समजली जाते. मुंबई राज्याची एस. टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. गाड्या आल्या, ड्रायव्हर आले, अपघात आले आणि त्यांच्यामागून खटले आले.

गंमत अशी की, ज्या कलमांखाली आजवर लाखो ड्रायव्हर कोर्टात उभे राहिले ती कलमे मोटारीच्या जन्माआधीची आहेत. भारतीय दंडसंहिता १८६० ची. सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने वाहन हाकणे किंवा स्वारी करणे याचे २७९ कलम टांगेवाल्याला आणि घोडेस्वाराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचे ३०४-अ हे कलम मूळ संहितेत नव्हतेच, ते १८७० साली घातले गेले. पुढे १९१४ चा, १९३९ चा आणि १९८८ चा असे मोटारवाहन कायदे झाले. परवाना, वेग, विमा, दारू पिऊन गाडी चालवणे या साऱ्यांची कलमे त्यांत आली. पण मृत्यू झाला की गाडी पुन्हा त्या जुन्या ३०४-अ वर येई. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि ३०४-अ चे कलम १०६ झाले.

अपघाताची फिर्याद ज्याने एकदा वाचली, त्याला तिची भाषा तोंडपाठ होते. 'सदर चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून' असे ते वाक्य कोणत्याही ठाण्यात, कोणत्याही गाडीला लागू पडते. गाडी चढावर असो, खड्ड्यात असो, उभी असो, 'भरधाव' हा शब्द सुटत नाही. बचावाच्या वकिलाचे काम या एका शब्दापासून सुरू होते. भरधाव म्हणजे ताशी किती? कोणी पाहिले? पाहणारा कोठे उभा होता? रस्त्यावर टायरच्या खुणा किती लांब होत्या आणि पंचनाम्यात त्या आल्या का? ब्रेक निकामी होते काय? मोटारवाहन निरीक्षकाने गाडी केव्हा तपासली, त्याच दिवशी की आठवड्याने? आणि सर्वांत साधा पण पुष्कळदा विसरला जाणारा प्रश्न : चाकामागे हाच माणूस होता हे कोणी सांगितले?

हे निव्वळ शब्दांचे खेळ नव्हेत. कर्नाटकातील एक ट्रक नाला ओलांडताना उलटला आणि पंधरा माणसे दगावली. ड्रायव्हरला शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. साक्षीदार सारे 'गाडी वेगात होती' एवढेच सांगत होते. १९९८ साली कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, वेग ही सापेक्ष गोष्ट आहे. नुसता 'वेगात' हा शब्द म्हणजे हयगयीचा पुरावा नव्हे, आणि आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावरच आहे. त्याही आधी, १९७९ साली, सय्यद अकबर नावाच्या वाहनचालकाचा खटला गाजला होता. एका लहान बालकाचा अपघाती मृत्यू झाला होता. साक्षीदार फिरले, तरी खालच्या कोर्टांनी 'घटनाच बोलते आहे' असे म्हणून त्याला दोषी धरले. न्यायमूर्ती सरकारिया यांनी दिवाणी दावा आणि फौजदारी खटला यांतला फरक त्या निकालात उलगडून दाखवला. नुकसानभरपाईसाठी 'घटना बोलते' हे तत्त्व चालेल, पण माणसाला तुरुंगात घालायचे तर संशयापलीकडचा पुरावा हवा. सय्यद अकबर सुटला. त्या चालकाचे नाव आज कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

येथे वाचक विचारील : मग त्या पंधरा माणसांच्या बायकामुलांचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि केवळ बचावाचे गोडवे गाणाऱ्या वकिलांनी तो टाळू नये. पूर्वी मृताच्या वारसाला १८५५ च्या कायद्याखाली दिवाणी दावा लावावा लागे. कोर्ट फीच इतकी की, गरीब तिकडे फिरकत नसे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८२ साली चूक कोणाचीही असो, मृत्यूबद्दल पंधरा हजार रुपये देण्याची तरतूद आली. ती १९८८ च्या कायद्यात पंचवीस हजार, १९९४ साली पन्नास हजार झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने वारसाला चूक सिद्ध न करता पाच लाखांचा मार्ग खुला झाला. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख मिळतात. त्याच तारखेपासून दाव्याला सहा महिन्यांची मुदतही पुन्हा लागली. ही मुदत कित्येक कुटुंबांना ठाऊकच नसते. ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटला म्हणून वारसांचा दावा बुडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवले आहे. तामिळनाडूतील एका बसचा विजेच्या जिवंत तारेशी संबंध येऊन प्रवासी मेले, तेव्हाचे ते प्रकरण. एकाच अपघातात एका वकिलाने ड्रायव्हरचे स्वातंत्र्य राखायचे आणि दुसऱ्याने विधवेची भाकरी मिळवायची. दोन्ही कामे सचोटीची आहेत. सचोटीचे नाही ते इस्पितळाच्या दारात उभे राहून 'क्लेम'चा टक्का ठरवणे. मिळणाऱ्या रकमेत भागी ठेवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही.

आमच्या ड्रायव्हर मंडळींची खरी चूक मात्र वेगळीच असते. कोणीतरी सांगतो, 'कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.' चलनाच्या बारीकसारीक गुन्ह्यांत तसे करणे ठीक आहे. कायद्यानेच छोट्या गुन्ह्यांत टपालाने दंड भरून हजेरी टाळण्याची सोय केली आहे, आणि आता ती फोनवर आली आहे. (उर्दू अदालतीत चालान म्हणजे आरोपपत्र. आज ते दंडाच्या पावतीवर उतरले आहे.) पण ज्या खटल्यात माणूस मेला आहे, तेथे 'गुन्हा कबूल' हे दोन शब्द लिहून दिले की अपीलाचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. शिक्षा कमी करा एवढेच मागता येते, मी निर्दोष आहे असे पुन्हा म्हणता येत नाही. परवाना जातो, नोकरी जाते. आणि २००० सालच्या दलबीर सिंग प्रकरणापासून अशा गुन्ह्यांत ड्रायव्हरला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्यासही सर्वोच्च न्यायालय राजी नाही. वास्तविक हा गुन्हा जामीनपात्र आहे. ठाण्यातच जामीन मिळणे हा आरोपीचा हक्क असतो, त्यासाठी मध्यस्थाचे हात ओले करावे लागत नाहीत. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाडीचेही तसेच. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पंचनामा आणि छायाचित्रे घेऊन वाहन लवकर सुपुर्दनाम्यावर मालकाला द्यावे. कर्जावर घेतलेला टेम्पो सहा महिने उभा राहिला तर खटला सुटण्यापूर्वीच घर मोडते.

तालुक्याच्या गावी मुंबईसारख्या कायद्याच्या कंपन्या नसतात. मुंबईत कमरुद्दीन तय्यबजी हे पहिले हिंदी सॉलिसिटर एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले आणि पेढ्यांची परंपरा तेथे मुरली. आपल्याकडे असते ते वकीलसाहेबांचे ऑफिस. बाहेरची खोली, बाक, भिंतीवर कायद्याच्या निकालपुस्तकांच्या तांबड्या पाठी, एक मुनशी, दोन ज्युनिअर. मुनशीला सारे तारखांचे जग पाठ असते. ज्युनिअर दोन-चार वर्षे जवळजवळ फुकट राबतो आणि हयगयीच्या खटल्यांत उलटतपासणी शिकतो, कारण खुनाच्या खटल्यात सीनिअर त्याला उभे करीत नाही. वकिलांना जाहिरात करण्यास बंदी आहे. त्यामुळे अशा ऑफिसचे नाव एका गावातून दुसऱ्या गावात तोंडोतोंडीच पसरते. 'त्यांनी आमच्या भावाला सोडवलं' या एका वाक्यावर पन्नास पक्षकार येतात. हल्ली दोघे-तिघे मिळून 'असोसिएट्स' अशी पाटी लावतात. एकाने फौजदारी, एकाने अपघाताचे दावे, एकाने महसूल असे काम वाटून घेतले तर पक्षकाराचाही फायदाच आहे.

बचाव हे वकिलाचे कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे, हे आपल्या समाजाला सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या अंजुमन-इ-इस्लामचे संस्थापक बद्रुद्दीन तय्यबजी हे १८६७ साली मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर झाले आणि पुढे न्यायमूर्ती. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. आधी जामीन नाकारला गेला होता. ऑगस्टमध्ये अर्ज तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी तो मंजूर केला. इंग्रजी अंमलात हे सोपे नव्हते. त्या वेळी टिळकांसाठी भांडणारे बॅरिस्टर दावर हेच १९०८ साली न्यायमूर्ती म्हणून टिळकांना काळ्या पाण्याची शिक्षा देते झाले, हा दैवाचा विनोद निराळा.

अलीकडच्या काळात काही ठिकाणच्या वकील संघांनी 'अमक्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असे ठराव केले. कोइम्बतूरचे वकील ए. एस. मोहंमद रफी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये असे सारे ठराव घटनेविरुद्ध आणि रद्दबातल ठरवले. त्याच वर्षी ११ फेब्रुवारीला मुंबईत कुर्ल्याच्या आपल्या ऑफिसात शाहीद आझमी या तरुण वकिलाला गोळ्या घालून मारण्यात आले होते. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या खटल्यातील फहीम अन्सारी या आरोपीची बाजू ते मांडत होते. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने अन्सारीला सोडले. पुढे उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. ज्याच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल वकिलाला नावे ठेवली गेली, तो माणूस तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला.

गरिबाला फुकट वकील, हा हक्कही एका विचित्र खटल्यातून दृढ झाला. एम. एच. होसकोट हे एका विद्यापीठातील प्राध्यापक आणि आरोप होता खोट्या पदव्या छापण्याचा! त्यांना येरवड्यात निकालाची नक्कल वेळेवर मिळाली नाही आणि अपील राहून गेले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांचा अर्ज फेटाळला, पण त्याच निकालात सांगितले की कैद्याला नक्कल मोफत मिळालीच पाहिजे आणि अपीलासाठी वकीलही राज्याने दिला पाहिजे. जनार्दन रेड्डी प्रकरणात जे नाकारले गेले ते असे दुसऱ्या दाराने आले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना सडणारे कच्चे कैदी सुटले. १९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि तालुक्यापर्यंत समित्या झाल्या.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक उभे राहिले ते आठवत असेल. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. नव्या संहितेच्या १०६ कलमाच्या दुसऱ्या भागात, अपघात करून न कळवता पळणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली होती, त्यावर हा संप होता. ड्रायव्हर म्हणत, थांबलो तर जमाव मारील, पळालो तर दहा वर्षे. हे म्हणणे अगदीच गैर नाही. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या १३४ कलमात जखमीस मदत करण्याचे कर्तव्य सांगताना, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसल्यास गोष्ट वेगळी, असा अपवाद कायद्यानेच नोंदवला आहे. मात्र शक्य तितक्या लवकर, आणि कसेही झाले तरी चोवीस तासांत, जवळच्या ठाण्यात कळवणे त्याच कलमाने बंधनकारक केले आहे. सरकारने कलमाचा तो दुसरा भाग १ जुलै २०२४ ला लागू केला नाही. पहिला भाग लागू आहे आणि त्यात कैदेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे.

सोलापूरच्या रस्त्याने जाताना तामलवाडीच्या पुढे जिल्ह्याची हद्द लागते. जुन्या काळी येथेच राज्य बदलत असे. आता हद्दीच्या पलीकडे अपघात झाला तर शेवटचे अपील कोल्हापूरला जाते, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे सुरू झालेल्या सर्किट बेंचकडे सोलापूर जिल्हा गेला. अलीकडे झाला तर औरंगाबाद खंडपीठाकडे. म्हणून पंचनाम्यात ठिकाण नेमके लिहिले आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील प्रत्येक माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावयाचा असतो. सोबत प्रथम खबरीची प्रत, परवाना, गाडीचे कागद आणि विम्याची पॉलिसी न्यावी. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला ठाण्यातून मोफत मिळते.